पाटीपासून क्लिकरपर्यंत

नागपूर शहर मागे टाकून वर्धा रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की विमानतळानंतर मिहानचा विस्तीर्ण परिसर सुरू होतो. मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र आणि विमानतळ यांसाठी आखलेल्या या प्रकल्पाची जबाबदारी २००२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आली. पुढे येथे कारखाने आले, संगणक कंपन्या आल्या आणि दोन मोठ्या शिक्षणसंस्थाही आल्या. भारतीय व्यवस्थापन संस्थेचे नागपुरातील काम २०१५ मध्ये विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात सुरू झाले होते. मिहानमधील तिच्या कायमच्या वास्तूचे उद्घाटन ८ मे २०२२ रोजी झाले. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची, म्हणजे ‘एम्स’ची, एमबीबीएसची पहिली तुकडी २०१८ मध्ये ५० विद्यार्थ्यांनिशी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आधाराने सुरू झाली होती. मिहानमधील एम्स ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले.

अशा संस्थांची व्याख्यानगृहे पाहिली की आम्हां शिक्षकांच्या मनात एक जुनाच प्रश्न उभा राहतो. शंभर-सव्वाशे विद्यार्थी समोर बसले आहेत. अध्यापक मन लावून शिकवत आहेत. तासाच्या शेवटी ते विचारतात, “समजलं का?” पुढच्या दोन बाकांवरून उत्तर येते, “हो सर.” बाकीचा वर्ग गप्प. या गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा? सगळ्यांना समजले असा, की कोणालाच समजले नाही असा? गडचिरोलीच्या किंवा गोंदियाच्या मराठी शाळेतून आलेला मुलगा इंग्रजीत चूक होईल या भीतीने हात वर करत नाही. त्याच्या डोक्यात काय चालले आहे हे अध्यापकांना परीक्षेच्या दिवशी कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

या एका प्रश्नावर उपाय शोधण्यासाठी गेल्या शंभर वर्षांत माणसाने कितीतरी यंत्रे तयार केली. आज त्यांना ‘क्लिकर’ म्हणतात. विद्यार्थ्याच्या हातात दूरदर्शन संचाच्या रिमोटसारखे छोटे उपकरण असते. अध्यापक पडद्यावर प्रश्न आणि चार पर्याय दाखवतात, प्रत्येक जण बटण दाबतो आणि क्षणार्धात कोणत्या पर्यायाला किती मते पडली याचा आलेख पडद्यावर येतो. या उपकरणाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. यंत्र चांगले असूनही ते का फसले आणि तेच यंत्र पुढे का यशस्वी झाले, हे त्यातून समजते.

पाट्या पालथ्या!

आमच्या पिढीला आठवत असेल. अंकगणिताच्या तासाला गुरुजी तोंडी गणित घालत. मुले पाटीवर उत्तर लिहीत आणि गुरुजी ओरडत, “पाट्या पालथ्या!” सगळ्यांच्या पाट्या पालथ्या झाल्या, की दुसरा हुकूम येई, “दाखवा!” एका नजरेत गुरुजींना कळे, की पन्नासापैकी बाराजण हातचा विसरले. पाटी पालथी ठेवल्यामुळे शेजाऱ्याची नक्कल करता येत नसे आणि प्रत्येकाला काहीतरी लिहावेच लागे. नीट पाहिले तर क्लिकरचे जवळजवळ सगळे गुण या पाटीत होते.

या पद्धतीचा इतिहास आपल्या देशाशी जोडलेला आहे. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ मध्ये मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. जवळच्या देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि तो प्रकार आपल्या शाळेत सुरू केला. शिक्षक नवी रीत स्वीकारेनात, तेव्हा त्याने मोठ्या मुलांनाच धाकट्यांना शिकवायला बसवले. १७९७ मध्ये त्याने या प्रयोगावर लंडनमध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर याने अशाच तत्त्वावर शेकडो मुलांची शाळा चालवली. त्याच्या शाळेत पाट्या दाखवण्याचा ठरलेला हुकूम असे. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेत धूळपाटीही होती आणि मोठ्या मुलाने धाकट्याला मुळाक्षरे घोटवून घेण्याची रीतही होती. मुलाने मुलाला शिकवणे आणि सगळ्यांनी एकदम उत्तर दाखवणे या दोन गोष्टी येथे ध्यानात ठेवू. दोनशे वर्षांनी त्या पुन्हा भेटणार आहेत.

महाविद्यालयात मात्र पाटी गेली. तेथे व्याख्यान आले, वही आली आणि उत्तर दाखवण्याची रीत थेट परीक्षेपुरती उरली.

यंत्रे आली

विद्यार्थ्याला प्रश्न विचारणारे यंत्र प्रथम तयार केले ते अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी, १९२० नंतरच्या दशकात. त्यांच्या पेटीला चार कळा होत्या. खिडकीत प्रश्न दिसे आणि विद्यार्थी आपल्याला वाटेल ती कळ दाबे. पेटीच्या एका रचनेत बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्नच येत नसे. यंत्र फारसे खपले नाही.

पुढचे नाव बी. एफ. स्किनर यांचे. नोव्हेंबर १९५३ मध्ये ते आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहायला गेले होते. काही मुलांचे गणित झटकन सुटले आणि ती कंटाळून बसली, काहींचे सुटतच नव्हते आणि उत्तर बरोबर की चूक हे कोणालाही दुसऱ्या दिवसापर्यंत कळणार नव्हते. हे पाहून अस्वस्थ झालेल्या स्किनर यांनी पुढच्याच वर्षी आपले ‘शिकवण्याचे यंत्र’ लोकांपुढे मांडले. पण प्रेसी आणि स्किनर या दोघांचीही यंत्रे एकेका विद्यार्थ्यासाठी होती. वर्गापुढे उभ्या असलेल्या अध्यापकाला त्यातून काही कळत नव्हते.

साऱ्या वर्गाचे उत्तर एकदम अध्यापकापर्यंत पोचवणारी व्यवस्था १९६६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात बसवली गेली. कॉर्नेल विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक राफाएल लिटाउअर यांनी कमी खर्चाची अशीच व्यवस्था स्वतः तयार केली आणि १९७२ मध्ये तिच्याविषयी लिहिले. प्रत्येक खुर्चीला बटणे, बटणांपासून जमिनीखालून गेलेल्या तारा आणि अध्यापकाच्या टेबलावर मते दाखवणारे मापक, असे तिचे स्वरूप होते. काही वर्षांतच अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी अशा तारा अंथरल्या.

या प्रयोगांचे पुढे काय झाले? यूजीन जडसन आणि दाइयो सवादा या दोन संशोधकांनी २००२ मध्ये जुन्या-नव्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात असे दिसले, की १९६० आणि १९७० च्या दशकांत विद्यार्थ्यांना बटणे दाबणे फार आवडत होते, वर्गात येण्याचा उत्साहही वाढला होता, पण परीक्षेतील गुण वाढले नव्हते. विषय अधिक समजत असल्याचा पुरावा मिळाला नाही. तारा बिघडत, दुरुस्तीचा खर्च येई, आणि हळूहळू बरीच यंत्रे बंद पडली.

असे का व्हावे? अध्यापक नेहमीसारखे शिकवत होते. मध्येच एक प्रश्न टाकत, किती बरोबर आले ते पाहत आणि पुढच्या मुद्द्याकडे वळत. ताप मोजणारे उपकरण वापरले, पण औषध तेच राहिले. तापमापकाने ताप उतरत नाही, हे आपण सारे जाणतो.

हार्वर्डमधील धक्का

कलाटणी मिळाली ती यंत्रामुळे नव्हे, एका प्रश्नपत्रिकेमुळे. ॲरिझोना राज्य विद्यापीठातील डेव्हिड हेस्टेनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूटनच्या यांत्रिकीवर एक चाचणी तयार केली. तिचे पक्के रूप १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीत गणित अजिबात नव्हते. साध्या भाषेतील प्रश्न आणि पाच-पाच पर्याय. पर्यायांतील चुकीची उत्तरे मात्र मुद्दाम निवडलेली होती; सामान्य माणसाला सहज खरी वाटतील अशी.

त्यातल्यासारखा एक प्रश्न आपल्याकडच्या रूपात पाहू. वर्धा रस्त्यावर मालाने भरलेला ट्रक आणि स्कूटर यांची समोरासमोर धडक झाली. ट्रकने स्कूटरवर लावलेले बल जास्त, की स्कूटरने ट्रकवर लावलेले? क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात हे दहावीच्या मुलालाही पाठ असते. तरीही बहुतेकांचे मन म्हणते, ट्रकचे बल जास्त. खरे उत्तर असे, की दोन्ही बले सारखीच. स्कूटरचे वस्तुमान कमी असल्याने तेवढ्याच बलाने तिचे त्वरण खूप जास्त होते आणि म्हणून नुकसानही तिचेच अधिक होते. मुले बल आणि बलाचा परिणाम यांत गल्लत करतात.

हार्वर्ड विद्यापीठात १९८४ पासून भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझुर यांना वाटत होते, की आपले विद्यार्थी असल्या प्रश्नात चुकणार नाहीत. विद्यार्थी त्यांना चांगले गुण देत, अवघड गणितेही सोडवत. पण चाचणी दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की तुम्ही शिकवले तसे उत्तर लिहू की मला खरे वाटते तसे? या एका प्रश्नात सगळे आले. वर्गातले भौतिकशास्त्र आणि मनातले भौतिकशास्त्र अशा दोन वेगळ्या वह्या मुलांनी केल्या होत्या, आणि परीक्षा फक्त पहिली वही तपासत होती.

मझुर यांनी उत्तर समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, तेव्हा विद्यार्थी आणखीच गोंधळले. शेवटी त्यांनी मुलांना आपापसांत चर्चा करायला सांगितले. वर्गात एकच गलका झाला आणि थोड्या वेळात बहुतेकांना उत्तर पटले होते. ज्याला एखादी गोष्ट नुकतीच समजली आहे, त्याला ती समजण्यातली अडचण अजून आठवत असते. प्राध्यापक ती केव्हाच विसरलेला असतो. यातून १९९१ मध्ये ‘सहाध्यायी अध्यापन’ ही पद्धत उभी राहिली आणि १९९७ मध्ये मझुर यांचे त्यावरील पुस्तक आले.

पद्धत अशी. थोडे शिकवायचे, मग संकल्पनेवर एक प्रश्न. प्रत्येकाने एक-दोन मिनिटे स्वतः विचार करून उत्तर द्यायचे. साधारण ३० टक्क्यांहून कमी उत्तरे बरोबर असतील, तर मुद्दा पुन्हा शिकवायचा. ७० टक्क्यांहून अधिक बरोबर असतील, तर थोडक्यात कारण सांगून पुढे जायचे. मधल्या स्थितीत मुलांनी शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचे आणि मग सर्वांनी पुन्हा मत द्यायचे. येथे यंत्राने मोजलेल्या तापानुसार औषध बदलते. जुन्या प्रयोगांत नेमके हेच राहून गेले होते.

मझुर यांनी सुरुवात हात वर करून आणि कागदी तक्ते दाखवून केली. विद्युत उपकरणे पुढे आली. पुढे अवरक्त किरणांवर चालणारी, तारांशिवायची उपकरणे आली. त्यांना रिमोटसारखेच यंत्राकडे रोखावे लागे आणि अनेकांनी एकदम बटण दाबले की संदेश एकमेकांत मिसळत. त्यानंतर रेडिओलहरींची उपकरणे आली, आणि आता तर हातातल्या मोबाईलवरच उत्तर देता येते.

बोलण्याने खरेच कळते का?

एक शंका रास्त आहे. चर्चेनंतर बरोबर उत्तरे वाढतात ती हुशार मुलाचे ऐकून, की खरेच समजल्यामुळे? कोलोरॅडो विद्यापीठातील मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी आनुवंशिकशास्त्राच्या वर्गात याची परीक्षा घेतली. आधी एक प्रश्न, मग चर्चा, पुन्हा तोच प्रश्न, आणि त्यानंतर त्याच संकल्पनेवरचा पण वेगळ्या रूपातला दुसरा प्रश्न, जो प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा. प्रश्नांच्या अशा १६ जोड्या त्यांनी वापरल्या. दुसऱ्या प्रश्नातही बरोबर उत्तरे वाढलेली होती. ज्या गटात सुरुवातीला कोणालाच उत्तर येत नव्हते, तेथेही चर्चेने मार्ग सापडत असल्याची चिन्हे मिळाली. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याआधी १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल तपासले होते. शिकण्याआधी जेवढे येत नव्हते, त्यातील किती भाग शिकून झाल्यावर येऊ लागला, हे त्यांनी मोजले. केवळ व्याख्यानाच्या वर्गांत हा भाग सरासरी ०.२३ होता, तर मुलांना विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत, तर सक्रिय शिक्षणाच्या वर्गांत २१.८ टक्के. शंभरातली बारा मुले म्हणजे कोण, हे प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाकडे पाहून ठरवावे.

मग यंत्राचे काय? कॅनडातील नॅथॅनियल लॅसरी यांनी एकाच पद्धतीने दोन वर्ग शिकवले. एका वर्गात क्लिकर, दुसऱ्यात हाताने दाखवायचे कागदी तक्ते. २००८ मध्ये त्यांनी निकाल दिला: मुलांना विषय समजण्यात काहीही फरक पडला नाही. अध्यापकाला मात्र क्लिकरने सोय झाली. मते मोजावी लागली नाहीत आणि उत्तरांची नोंद राहिली.

महाराष्ट्रातले प्रयोग

आपल्याकडे या विषयावर चांगले काम झाले आहे. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकांनी एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना काही व्याख्याने नेहमीच्या पद्धतीने आणि काही उत्तर-यंत्रांसह देऊन तुलना केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात यंत्रांसह झालेल्या तासांचा निकाल सरस ठरला. मिहानमधील एम्ससारख्या संस्थांना तो जवळचा वाटावा, कारण शरीरक्रिया किंवा औषधशास्त्र मोठ्या वर्गाला शिकवण्याची अडचण सर्वत्र सारखीच आहे.

मुंबईच्या आयआयटीत ‘आकाश’ टॅबलेटसाठी जी शैक्षणिक सॉफ्टवेअरे तयार झाली, त्यांत ‘क्लिकर’ नावाचेही एक होते. पुढे तेथीलच प्राध्यापक भास्करन रामन यांच्या गटाने विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या मोबाईलवर वर्गातच चाचणी घेता येईल असे ‘सेफ’ नावाचे सॉफ्टवेअर तयार केले.

पण आम्हांला सर्वांत बोलका वाटतो तो आयआयटीतलाच यंत्राशिवायचा प्रयोग. संगणक प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात साडेचारशेच्या आसपास विद्यार्थी होते. अध्यापकांनी ‘विचार करा, जोडीने बोला, वर्गाला सांगा’ ही पद्धत वापरली. अदिती कोथियाल, ऋत्विजित मजुमदार, सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांनी अनेक आठवडे वर्गात बसून विद्यार्थ्यांची निरीक्षणे नोंदवली. या कृती चालू असताना सरासरी ८३ टक्के विद्यार्थी दिलेल्या कामात गुंतलेले आढळले. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साडेचारशेच्या वर्गात हे साधते, तर साठांच्या वर्गात का साधू नये?

जपून वापरायचे हत्यार

तीन गोष्टींपासून मात्र सावध राहायला हवे.

पहिली गोष्ट गुणांची. उत्तर बरोबर आले तरच गुण, असा नियम केला की चर्चा मरते. अमेरिकेतील मार्क जेम्स यांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की गुणांचा भार जास्त असलेल्या वर्गात जोडीतला हुशार विद्यार्थीच बोलत राहतो आणि दुसरा मान डोलावतो. भार हलका केला की दोघेही बोलतात. हजेरी घेण्यापुरती यंत्रे वापरली, तर एकाने चौघांची उपकरणे खिशात घालून येणे ओघानेच आले.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. आपल्या मुलांना पर्यायी प्रश्नांची सवय आहे, पण ती शिकवणी वर्गांतली. तेथे पर्याय गाळून झटपट खूण करण्याचे शिक्षण मिळते. ‘कोणते उत्तर?’ एवढेच विचारून थांबलो, तर आपण शिकवणी वर्गाचीच दुसरी शाखा काढू. ‘का?’ आणि ‘दुसरे उत्तर का नाही?’ हे विचारले, तरच यंत्राचा उपयोग. असा एक प्रश्न तयार करायला कधीकधी एक संध्याकाळ जाते. खरा खर्च तो आहे, यंत्राचा नव्हे.

तिसरी गोष्ट भाषेची. बटण दाबणारा विद्यार्थी निनावी असतो, म्हणून तो निर्भय असतो. पण पुढच्या चर्चेत पुन्हा इंग्रजीची सक्ती केली, तर तीच भीती परत येईल. शेजाऱ्याशी मराठीत, हिंदीत, वऱ्हाडीत, ज्या भाषेत विचार सुचतो त्या भाषेत बोलू द्यावे. कल्पना एकदा समजली, की इंग्रजी संज्ञा तिच्यामागून येते. उलट क्रमाने ती क्वचितच येते, असे आमचे मत आहे.

उद्याच करून पाहा

आमच्या बहुसंख्य वाचकांच्या शाळेत क्लिकर नाहीत, आणि त्यांची वाट पाहण्याचे कारणही नाही. जाड पुठ्ठ्याचे चार रंगीत तुकडे प्रत्येक मुलाला करायला सांगा. लाल म्हणजे ‘अ’, निळा म्हणजे ‘ब’ वगैरे. प्रश्न फळ्यावर लिहा. एक मिनिट पूर्ण शांतता. मग तुमच्या इशाऱ्यावर सगळ्यांनी एकदम आपला तुकडा छातीशी धरायचा, म्हणजे मागच्या मुलांना तो दिसत नाही. तुम्हांला मात्र अख्खा वर्ग रंगांत दिसेल. मोबाईल असलेल्या शिक्षकांना ‘प्लिकर्स’ नावाची छापील कार्डेही वापरता येतील. त्यावरची चौकोनी खूण चार बाजूंनी धरता येते. कोणती बाजू वर आहे त्यावरून उत्तर ठरते आणि शिक्षकाच्या मोबाईलचा कॅमेरा सगळ्यांची उत्तरे एकदम वाचतो. मुलांजवळ मोबाईल असण्याची गरज नाही.

पहिला प्रश्न म्हणून ट्रक आणि स्कूटर चालेल. वर्ग लाल आणि निळा असा दुभंगला, की घाईने बरोबर उत्तर सांगू नका. तो मोह आवरणे हाच या पद्धतीतला सर्वांत अवघड भाग आहे. मुलांना वेगळ्या रंगाचा शेजारी शोधायला सांगा आणि तीन मिनिटे वर्गातला गोंगाट सहन करा. मुख्याध्यापक दारात आले, तर त्यांनाही एक पुठ्ठ्याचा संच द्या.

“समजलं का?” हा प्रश्न विचारणाऱ्याच्या समाधानासाठी असतो. मिहानमधल्या वातानुकूलित व्याख्यानगृहात असो की मेळघाटातल्या दोन खोल्यांच्या शाळेत, मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाला काय वाटते हे तास संपायच्या आत कळले, तरच त्याच्यासाठी काही करता येते. आमच्या गुरुजींना ते पाटीवरून कळत होते. ती पाटी आपण पुन्हा हातात घ्यायला हवी, मग ती दगडाची असो, पुठ्ठ्याची असो की काचेची.